कॉमेट: मराठवाड्यातल्या घरात लाजाळू समुद्री मासा कसा ठेवावा

कॉमेट आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: हा मासा दिवसा दिसणार नाही. पाहुणे टँकसमोर उभे राहून 'यात तर नुसते दगडच आहेत की' म्हणतील आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी क्लाउनफिशची जोडी ठेवावी, सुखी राहतील. ज्यांना रात्री साडेआठला खुर्ची ओढून बसायची आणि वाट पाहायची सवय आहे, हा लेख त्यांच्यासाठी.

दुकानदाराला फोन करताना 'मरीन बेटा' असंही सांगा. नुसतं 'कॉमेट' म्हटलंत तर लांब शेपटीचा गोड्या पाण्यातला गोल्डफिश पॅक होऊन येईल. शास्त्रीय नाव कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत प्रवाळखडकांच्या कपारींत राहतो, लांबी वीस सेंटीमीटरपर्यंत जाते. काळपट तपकिरी अंगभर पांढरे ठिपके, पसरट लांब पंख आणि पाठीच्या पंखाच्या मागच्या टोकाशी डोळ्यासारखा एक गोल डाग. धोका वाटला की हा मासा डोकं कपारीत खुपसतो, शेपूट बाहेर ठेवतो आणि पंख फुलवतो. मग ते शेपूट ठिपकेवाल्या मोरे ईल या सापासारख्या लांबट शिकारी माशाच्या तोंडासारखं दिसतं आणि पाठलाग करणारा मागे फिरतो. १९७७ साली जॉन मॅककॉस्कर या मत्स्यशास्त्रज्ञांनी या सोंगाची नोंद केली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की या माशाचा स्वभाव त्या कपारीवर उभा आहे. कपार जवळ असेल तर तो मोकळा फिरतो. कपार नसेल तर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खात नाही आणि महिन्याभरात खंगतो. दगड कमी ठेवले म्हणजे मासा जास्त दिसेल असा हिशेब अनेकजण करतात. तो बरोबर उलटा आहे. पुढची सगळी मांडणी हे धरूनच केली आहे.

टँक कुठे बसवायचा

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हे माप धरू. भूमितीने साडेपाचशे लिटरच्या वर भरतं, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी राहतं साधारण साडेचारशे लिटर. काच बारा मिलिमीटरची घ्या. खाली स्टँडमध्ये ऐंशी-शंभर लिटरचा सम्प, म्हणजे टँकचं पाणी जिथून गाळून परत वर जातं ती टाकी. काच, पाणी, दगड, वाळू, लोखंडी स्टँड सगळं मिळून वजन आठशे किलोच्या आसपास जातं, आणि तेही दहा चौरस फुटांत. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो वापरभार धरून काढलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर हा टँक ठेवायचा तर बीमलगत, भिंतीला लागून, आणि इंजिनिअरला दाखवूनच. माळवदाच्या घरात वरच्या खोलीचा विचारही करू नका.

तळमजलाही निर्धास्त नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भराव नीट नसेल तर वरची शहाबादी फरशी हलते. स्टँडचे चार पाय सरळ फरशीवर न टेकवता खाली सलग जाड प्लेट किंवा काँक्रीटचा ओटा घ्या. पाणी भरण्याआधी मिस्त्रीकडून पाण्याच्या नळीने लेव्हल तपासून घ्या आणि पहिला पावसाळा संपल्यावर पुन्हा तपासा. टँकमधल्या पाण्याची रेष एका बाजूला तीन-चार मिलिमीटर वर दिसली तर जोडांवर ताण येतोय हे समजा.

पश्चिमेची भिंत टाळा, मे महिन्यात ती रात्री अकरालाही तापलेली असते. दार, टीव्ही आणि जिना यांच्या वाटेवरही नको. येणाऱ्याजाणाऱ्याची सावली काचेवर पडली की कॉमेट आत जातो. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा काळ्या करून टाका, फक्त समोरची उघडी ठेवा.

पाणी: इथे स्वतःशी खरं बोला

बोअरचं पाणी या टँकला चालत नाही. ते जड असतं, शेतीच्या पट्ट्यात त्यात नायट्रेट असतं, आणि काय काय आहे ते दर महिन्याला बदलतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दुकानातल्या वीस लिटरच्या जारचं पाणी पिण्यासाठी ठीक, पण त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून बघा, शंभराच्या आसपास निघणं नवलाचं नाही. आपल्याला हवा शून्य ते पाच. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीच पाणी काढून घ्या आणि पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडा.

आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना तीनेक लिटर बाहेर टाकतं. टँक भरताना आणि नंतर दर पंधरवड्याला हे पाणी निघणार आहे. ते कपडे, फरशी, संडास, झाडं यांत मुरवायची सोय आधी करा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलेलं आहे. ज्या गल्लीत फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतो तिथे हा छंद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी हंडा घेऊन उभा असताना साडेचारशे लिटर पाण्यात एक मासा लपवून ठेवणं शोभत नाही.

पावसाचं पाणी मात्र कामी येतं. सिमेंटच्या स्लॅबवरचं घ्या, पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, मग सेडिमेंट फिल्टर, कार्बन आणि डीआय यांतून काढून झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. पत्र्याच्या छपरावरचं नको, त्यात जस्त उतरतं. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही टाळा, ते तांब्याच्या कॉइलवरून येतं.

मीठ म्हणजे समुद्री टँकसाठी मिळणारं सिंथेटिक मीठ. बाजारातलं खडे मीठ स्वस्त पडतं म्हणून टाकू नका, त्यात समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार नसतात. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरलं तर टँक आणि सम्प मिळून एकोणीस किलोच्या घरात मीठ लागेल. ड्रममध्ये आधी पाणी, मग मीठ, आणि पंप लावून चोवीस तास फिरवायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून खारटपणा मोजायचं साधन) घनता १.०२५ हवी. दांडीवाला स्वस्त हायड्रोमीटर फसवतो.

एक नियम मुलांनाही पाठ करून द्या. पाणी उडालं की भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. पाणी उडतं, मीठ उडत नाही.

उन्हाळा आणि लाइट

कॉमेटला २४ ते २७ अंश सोयीचे. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना बंद घरातला टँक ३२ पर्यंत सहज जातो. या आकाराला अर्ध्या एचपीचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बसवतात. पण त्याआधी आपल्याकडच्या कोरड्या हवेचा फायदा घ्या. मुंबईच्या दमट हवेत पाण्यावर पंखा सोडून फार काही साधत नाही, इथे साधतं. एक लिटर पाणी उडालं की साडेचारशे लिटर पाण्यातली जवळपास सव्वा अंश उष्णता ते घेऊन जातं. सम्पवर दोन छोटे पंखे तिरके लावले तर चिलरला निम्मं काम उरतं. किंमत म्हणून कडक उन्हाळ्यात दिवसाला सहा-आठ लिटर पाणी उडेल, तेवढं ऑटो टॉप-अपच्या, म्हणजे आपोआप भर घालणाऱ्या टाकीत भरलेलं पाहिजे. टँक त्याच खोलीत असेल आणि डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्यांचा असर कमी होतो. कूलरची हवा आणि पंख्यांची हवा वेगवेगळी ठेवा.

हिवाळा विसरू नका. परभणीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो. एका मोठ्या हीटरपेक्षा दोनशे वॅटचे दोन घ्या, एक अडकून चालूच राहिला तरी मासा उकडणार नाही. चिलर आणि हीटर एकाच कंट्रोलरवर ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांशी भांडत बसतात आणि बिल तुम्ही भरता.

लाइट जाणार, हे गृहीत धरा. इन्व्हर्टरवर चिलर चालत नाही, पण सम्पमधलं पाणी वर नेणारा रिटर्न पंप, टँकमधलं पाणी फिरवणारा एक वेव्हमेकर आणि एअर पंप चालले पाहिजेत. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्याच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, गरम पाण्यात त्याहून कमी. म्हणून मेमध्ये दुपारी चार तास लाइट गेली तर मासे उष्णतेआधी गुदमरून मरतात. बॅटरीवरचा एअर पंप दीड-दोनशेच्या वस्तूसारखा दिसतो, पण तो घरात असलाच पाहिजे. होल्टेज वरखाली होत असेल तर चिलरला स्टॅबिलायझर. अर्थिंग तपासा आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि टँकमध्ये हात तुमचा जाणार आहे.

दगड रचणं

भारतीय समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. दुकानदार 'रामेश्वरमचा लाइव्ह रॉक' (समुद्रातून जिवांसकट काढलेला खडक) म्हणून काही देऊ करत असेल तर नको म्हणा. तोच कायदा समुद्रघोड्यांनाही लागू आहे. आपल्याला हवा तो कोरडा, सच्छिद्र कृत्रिम रॉक. साधारण चाळीस किलो.

दगड वाळूवर नाही, थेट तळाच्या काचेवर टेकवायचे, खाली पातळ प्लास्टिकची जाळी घालून. वाळू नंतर सभोवती. वाळूवर रचलेला डोंगर एखाद्या खणणाऱ्या माशाने पोखरला की कोसळतो.

आता मुख्य काम. टँकच्या लांबीत एक नाही, निदान तीन लपण्या हव्यात, म्हणजे मासा एका गुहेतून दुसरीकडे जाईल आणि मधल्या मोकळ्या जागेत तुम्हाला दिसेल. हा खरा डाव आहे. दोन गुहांमधलं अंतर एक-दीड फुटापेक्षा जास्त नको, तेवढंच तो निर्धास्तपणे ओलांडतो. प्रत्येक गुहेला दोन तोंडं ठेवा. एका तोंडाची गुहा म्हणजे पकडला जाण्याची जागा, तिथे तो दुसऱ्या माशाला घाबरून अडकतो. तीन इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे दगडांच्या आत लपवले की आकार पक्का राहतो. नळाच्या दुकानातलं सोल्युशन लावू नका, टँकसाठीचं इपॉक्सी वापरा. सगळ्यात मोठी गुहा समोरच्या काचेकडून तिरकी दिसेल अशी ठेवा. थेट समोर तोंड केलंत तर तो त्या गुहेत राहायलाच येणार नाही. गुहेच्या छताला एक रुंद कपार ठेवली तर तिच्या पोटाशी तो उलटा लटकून फिरतानाही दिसेल. तो आजारी नाही, कपारीतल्या माशांची ती चालच आहे.

मागच्या काचेपासून दगड चार बोटं पुढे ठेवा, पाणी मागून फिरलं पाहिजे. आणि एकदा मासा रुळला की दगड हलवायचे नाहीत. शेवाळ साफ करण्याच्या नादात गुहेचा दगड उचलला तर पुढचे कित्येक दिवस त्याचं दर्शन नाही.

उजेड मंद आणि निळसर पुरे. दिवे दुपारी एकला लागून रात्री नऊला हळूहळू मावळतील असा टायमर लावा. म्हणजे टँकमधली संध्याकाळ तुमच्या जेवणानंतरच्या वेळेत येते. नंतर लाल रंगाचा बारीक दिवा लावून बघत बसा, लाल उजेड या माशांना फारसा जाणवत नाही.

वरून काच नको, मच्छरजाळीसारखी नायलॉनची जाळी चौकटीत ताणून लावा. हवा खेळते, मासा उडी मारून बाहेर पडत नाही आणि पाल आत पडत नाही.

दगड मांडून खारं पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासा नाही. सोललेल्या कोळंबीचा तुकडा आत सोडला की तो सडून अमोनिया चढतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन शून्यावर येऊन तिथेच राहिले की टँक तयार. नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या खाली, पीएच ८.१ ते ८.४.

मासा आणणं

मुंबई-पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, रात्रीच्या गाडीने. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ. एप्रिल-मेमध्ये कितीही स्वस्त मिळाला तरी नको. दुकानदाराकडून तो खातानाचा व्हिडिओ मागा. 'काल खाल्लं होतं' हे उत्तर पुरेसं नाही. पोट आत गेलेला, डोक्यामागे खोबण पडलेला मासा सोडून द्या.

त्याला थेट मोठ्या टँकमध्ये टाकायचं नाही. ऐंशी-शंभर लिटरचा वेगळा टँक, त्यात पाइपचे दोन तुकडे, सम्पमध्ये महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर, तीन बाजूंनी कागद. दुकानाच्या पाण्याची घनता आधी विचारून घ्या, अनेकजण १.०२० च्या आसपास ठेवतात. तुमच्या छोट्या टँकमध्ये तेवढीच घनता करून ठेवा आणि नंतर आठवडाभरात हळूहळू वर न्या. कारण रात्रभराच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असते तोवर पाणी आम्लधर्मी राहतं आणि तो तितका बाधत नाही. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तासन् तास थेंबथेंब पाणी सोडत बसणं इथे घातक. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडा, घनता जुळते का बघा आणि मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी बाहेर ओतून द्या. दिवे त्या दिवशी बंदच.

इथे चार ते सहा आठवडे. कॉमेट काटक आहे, व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला इतरांच्या मानाने कमी होतो. पण झाला तर ठिपक्यांच्या अंगावर ठिपका ओळखणार कसा? म्हणून श्वास बघा. कल्ले भराभर हलताहेत का, दगडाला अंग घासतो का, अंगावर मखमलीसारखी धूळ दिसते का. तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर याच छोट्या टँकमध्ये, टेस्ट किटने मोजत. मोठ्या टँकमध्ये कधीच नाही, दगड-वाळूत तांबं मुरतं आणि झिंगे-शंख मरतात.

खाऊ घालणं

नव्या कॉमेटबद्दल सगळ्यात जास्त फोन इथेच येतात: 'खातच नाही'. पहिले चार-पाच दिवस बहुधा खाणार नाही. हा झडप घालणारा मासा नाही. तो भक्ष्याकडे तिरका होत, पंख फुलवून, इंच-इंच सरकतो आणि शेवटच्या क्षणी ओढून घेतो. एवढ्या वेळात बाकीचे मासे ताट पुसून मोकळे होतात.

सुरुवात जिवंत खाद्याने करा. धरणावरच्या मासेमाऱ्यांकडे बारीक जिवंत झिंगे मिळतात, गोड्या पाण्यातले असले तरी खाऱ्या पाण्यात थोडा वेळ हलत राहतात आणि तेवढं हलणं पुरे असतं. कापसाच्या पट्ट्यातल्या शेततळ्यातले आणू नका, फवारणीचं औषध त्यांतून येतं. मग त्याच आकाराचे फ्रोझन मायसिस (बारीक झिंग्यांसारखे जीव) आणि कच्च्या, बिनमिठाच्या कोळंबीचे तुकडे लांब नळीच्या सिरिंजने गुहेच्या तोंडाशी सोडा आणि पाण्याच्या धारेत हलू द्या. आधी दोन-तीन जिवंत, मग एक मेलेला, असं मिसळत गेलं की पंधरवड्यात वळण लागतं.

वेळ एकच ठेवा: दिवे मावळताना. बाकीच्यांना टँकच्या दुसऱ्या टोकाला आधी घाला, ते तिकडे गुंतले की याची नळी इकडे. मोठ्या माशाला दिवसाआड पुरतं. लाइट जाऊन फ्रीजरमधला खाऊ वितळला तर पुन्हा गोठवू नका. आणि शाकाहारी घरात फ्रीजरमधल्या कोळंबीचा प्रश्न मासा येण्याआधीच सोडवा. वेगळा छोटा फ्रीज हा त्यावरचा शांततेचा मार्ग आहे.

शेजारी

तोंडात मावेल ते तो खातो, आणि तोंड दिसतं त्याहून मोठं आहे. क्लीनर श्रिंप, बारीक गोबी हे त्याचं रात्रीचं जेवण. प्रवाळाला तो हात लावत नाही. ट्रिगर, ग्रुपर, भांडखोर डॅमसेल त्याला गुहेबाहेर येऊ देणार नाहीत. वाढलेली क्लाउनफिशची जोडी, एखादा शांत एंजल, आकाराने मोठे कार्डिनल चालतात. टँग मासा ठेवायचाच तर सगळ्यांत शेवटी. क्रम महत्त्वाचा: कॉमेट आधी, धीट मासे त्याच्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी. जोडी म्हणूनच मिळाली नसेल तर कॉमेट एकच ठेवा.

रोजचं

पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदला, म्हणजे पंचेचाळीस लिटर आणि दीड किलोच्या वर मीठ. नवं पाणी आदल्या दिवशी मिसळून, तापमान जुळवून. रोज तापमान आणि श्वास बघा, आठवड्याला घनता. शेपूट बाहेर आणि डोकं आत दिसलं तर काठीने डिवचून 'जिवंत आहे का' बघू नका, तो तेव्हा तुम्हाला मोरे ईल दाखवतो आहे.

डासांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना अतिशय जहरी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. त्या खोलीत स्प्रे, कॉइल, धूप, रंगकाम काहीच नको. करावंच लागलं तर पंपाची नळी खिडकीबाहेरून हवा घेईल अशी फिरवा. टँकमध्ये हात घालण्याआधी तंबाखूचा हात, क्रीम, साबण धुऊन टाका. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कॉमेट दोन-तीन दिवस दिसला नाही तर दगड उचकटू नका, ठरल्या वेळी खाऊ टाकत राहा.

लग्नसराईत आठ दिवस गावी जायचं असेल तर शेजारच्या मुलाला खाऊ टाकायला सांगू नका. धष्टपुष्ट कॉमेट आठवडाभर न खाता राहतो, पण प्रेमाने टाकलेली मूठभर कोळंबी सडली की टँक राहत नाही. त्या मुलाला फक्त दोन कामं द्या. टॉप-अपच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवा, पाणी तिच्या खाली गेलं की बाजूच्या ड्रममधलं साधं आरओ ओतायचं. आणि थर्मामीटरचा फोटो रोज संध्याकाळी पाठवायचा, २९ च्या वर दिसला तर लगेच फोन. मिठाच्या पाण्याचा ड्रम त्या आठ दिवसांसाठी दुसऱ्या खोलीत कुलूप लावून ठेवा.